नानांची सही

३ मार्च

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची माझी सवय आहे, पण नऊ वर्षांत तुझ्याकडून एक नमस्कार आला नाही, तेव्हा ते राहू दे. नाना गेल्याचं सांगायला फोन केला तेव्हा तू एवढंच विचारलंस, "माझं नाव काढलं का?" मी नाही म्हटलं. त्यानंतर तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. पोच माझ्याकडे येईल, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायला नको.

तीन आठवडे झाले. सगळं अचानक झालं. तुला आधी कळवण्याइतका वेळच नव्हता.

आता कामाचं. परवा नानांचं लोखंडी कपाट उघडलं. मृत्युपत्र सरळ आहे. वरचं घर तुझं नि माझं, निम्मं निम्मं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच पाकिटात खाली आणखी एक कागद निघाला. बक्षीसपत्र. गेल्या वर्षी रीतसर नोंदणी करून नानांनी खालचं दुकान मेणबाईला देऊन टाकलंय. रस्त्याकडच्या दोन्ही खोल्या, घासायचं यंत्र, भट्टी, साचे, सगळं. चाळीस वर्षं ज्या खोल्यांत बसून त्यांनी अख्ख्या गावाच्या कवळ्या केल्या, त्या एका परक्या बाईला.

मेणबाई तुला ठाऊक असायचं कारण नाही. तू गेल्यावर चार वर्षांनी आली. कवळीसाठी मेण वितळवायचं, साचे धुवायचे, एवढ्यासाठी नानांनी ठेवली. नावही त्यांनीच पाडलं. पन्नाशीची आहे, एकटी राहते, बोलते कमी. कमी बोलणाऱ्या माणसांबद्दल माझं मत तुला माहीत आहे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसलाच हा प्रकार.

त्या कागदावरची सही नानांची नाही. वाकडी, तुटक, मध्येच पेन उचललेलं. गेल्या वर्षी नानांनी ती केलेली असूच शकत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. कसं, ते विचारू नकोस. तीस वर्षं गणित शिकवलं आणि तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्या. कोण कुणाचं बघून लिहितंय ते मला पाठमोरी उभी असले तरी कळतं.

वकील म्हणतात, दोन्ही वारसांनी मिळून घेतली तर हरकतीला बळ येतं. कागद सोबत आहे. सही करून लगेच पाठव.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

तुझं पाच ओळींचं पत्र मिळालं. कागद कोराच परत आला. तू लिहितोस, "आधी बाईंशी नीट बोल. त्या तशा नाहीत."

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. "त्या". मी माझ्या पत्रात तिला "ती" म्हटलं होतं. न पाहिलेल्या, न भेटलेल्या बाईला तू "त्या" म्हणतोस, आणि ती कशी नाही हेही तुला ठाऊक आहे. कुठून? याचं उत्तर मला हवंय.

बोलायचंच म्हणतोस तर ऐक, बोलणं झालं. सोमवारी सकाळी मी कुलूपवाल्याला बोलावून शटरचं कुलूप बदलून घेतलं. नऊ वाजता ती आली. किल्ली फिरवून पाहिली, मग पिशवी खाली ठेवून वर माझ्या खिडकीकडे बघत उभी राहिली. मी खाली गेले.

"कुलूप बदललंत, ताई?"

"घर माझं आहे."

"घर वर आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. मला त्याचीच जास्त चीड आली.

तिच्या मागे गाणं शिकवणारे मास्तर तोंडावर रुमाल धरून उभे. त्यांची कवळी दुरुस्तीला आत अडकलेली. ते काहीतरी बोलले, पण दाताशिवाय त्यातलं एक अक्षर कळेना.

"मास्तरांचे दात तेवढे द्या," मेणबाई म्हणाली. "तीन दिवस पातळ पिऊन काढलेत त्यांनी. खिडकीजवळच्या पाण्याच्या वाटीत आहेत. माझं काय ते नंतर बघू."

मी तिला बाहेरच ठेवलं आणि स्वतः आत गेले. आत जाऊन मला किती दिवस झाले होते ते आठवेना. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, फळीवर लोकांचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. चिठ्ठ्यांवरचं अक्षर नानांचं नाही, तिचं. वाटी मिळाली. मास्तरांनी दारातच कवळी बसवली आणि पहिलं वाक्य स्पष्ट बोलले ते असं, "बाई, हे तुम्ही बरं करत नाही." लोकांना पढवून ठेवलंय तिने.

मग मी शटर आतून ओढून घेतलं आणि खण तपासले. सगळ्यात खालच्या खणात, मेणाच्या वड्यांखाली, चौदा कागद. दोन्ही बाजूंनी भरलेले. काय असेल? नानांची सही. एकाखाली एक, शेकड्यांनी. पहिल्या पानावर नुसते ओरखडे, कोंबडीचे पाय. मग हळूहळू सुधारत गेलेली. चौदाव्या पानावर हुबेहूब बक्षीसपत्रावरची.

यापुढे आणखी काय पुरावा हवा? बाई सराव करत होती, धाकट्या. मी शाळेत असले सरावाचे कागद पोरांच्या दप्तरातून काढलेत.

कागद वकिलांकडे दिले. हरकतीचा दुसरा फॉर्म पाठवते आहे. या वेळी सल्ला नको, सही हवी.

ताई


६ एप्रिल

धाकट्या,

नऊ वर्षांचं एकदम लिहून काढलंस. आठ पानं. दोनदा वाचली आणि मग गच्चीवर जाऊन कपडे वाळत घातले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

म्हणजे तीन वर्षं नानांची आणि तुझी पत्रं चालू होती. नाना सांगायचे, मेणबाई लिहायची. तुझी उत्तरं दुकानाच्या पत्त्यावर यायची. मी वर राहते. पोस्टमन माझ्या दारावरून जातो. तीन वर्षं माझ्याच घराखाली टपाल उतरत होतं आणि मला पत्ता नाही. ती तुला कुठून ठाऊक म्हणून मी विचारत होते, आणि तू मला शहाणपण शिकवत होतास!

तू लिहितोस, चार वर्षं नानांनी एकही दात स्वतः बसवलेला नव्हता. हात थरथरायचे, दात मेणात सरळ उभा राहायचा नाही. सगळं काम बाई करायच्या आणि गिऱ्हाइकांपुढे मात्र नाना बसायचे, आरसा धरायचे. थरथर होती थोडी, मी नाही म्हणत नाही. म्हातारपणी असते. पण चार वर्षं खालून यंत्राचा आवाज येत होता, तो मला नानांचा वाटायचा, आणि तू सांगतोस तो तिचा. यावर मी विश्वास ठेवायचा कशावरून? तुझ्याकडे जी पत्रं आली ती सगळी तिच्याच अक्षरात. नानांनी काय सांगितलं आणि तिने काय लिहिलं, हे तू ताडून पाहिलंस का कधी? की तुझाही यात वाटा ठरला आहे?

दवाखान्याचं तुला तिनेच कळवलं, हेही आत्ता कळलं. हो, अकरा दिवस होते नाना दवाखान्यात. मी "अचानक" लिहिलं होतं. पहिल्या दिवशी तोंड वाकडं झालं, वाचा गेली, ते अचानकच होतं. पुढचे दहा दिवस नव्हतं. तुझं नाव त्यांनी काढलं नाही हे खरं आहे. त्यांना कुणाचंच नाव काढता येत नव्हतं. मी तुला फोन केला नाही, कारण मला वाटलं तू वाटणीसाठी येशील. लिहून टाकलं एकदाचं.

आणि ती रोज संध्याकाळी यायची, हेही खरं. वॉर्डाच्या दाराशी मी रखवालदाराला सांगून ठेवलं होतं, फक्त घरची माणसं.

आता माझी बातमी ऐक. वकिलांनी अक्षरतज्ज्ञाकडून अहवाल मागवला. आपल्याकडून नमुना म्हणून नानांच्या सहीचे गेल्या दोन वर्षांतले तीन चेक दिले होते. तज्ज्ञाचं स्पष्ट मत असं की चेकवरची सही करणारा हात आणि बक्षीसपत्रावरची सही करणारा हात एक नाही. वकील इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला आणि चेकचा दाखला देऊन तिला नोटीस धाडली. येत्या आठवड्यात बक्षीसपत्राची सहीशिक्क्याची नक्कल काढायची आणि पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यायची. तिला अटकही होऊ शकते म्हणाले.

तुझी सही आता असो वा नसो.

ताई


१४ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र रजिस्टर करत नाही. मिळालं तर मिळालं.

गुरुवारी नक्कल काढायला नोंदणी कार्यालयात गेले. लांब खोली, छताला टेकलेल्या फायली, पंखा फिरला की वरचे कागद फडफडतात. खिडकीत एक जाडसर कारकून होता. त्याने क्रमांक पाहिला, रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि हसला.

"कवळीवाले आजोबा! कसे आहेत?"

"गेले," मी म्हटलं. "मी त्यांची मुलगी."

तो उभाच राहिला. म्हणाला, "माझ्या आईचे दात त्यांच्याकडचे. पण लक्षात राहिले ते त्या दिवसामुळे. बसा, मॅडम."

मी बसले नाही. विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?"

"सहीला वीस मिनिटं लावली हो. मागे रांग. हात असा उडत होता, पेन कागदावर टेकेना. मी म्हटलं, आजोबा, अंगठा चालतो कायद्यात, कशाला त्रास? तर म्हणाले, 'अंगठा मी लोकांच्या तोंडात घालतो, कागदावर नाही.' रांगेतली माणसंसुद्धा हसली. मग डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि एक एक अक्षर काढलं. महिनाभर सराव केलाय म्हणाले. झाल्यावर घामाघूम झाले होते."

"बरोबर कुणी होतं?"

"एक बाई होत्या. पण त्यांना त्यांनी दाराबाहेर उभं केलं. मला म्हणाले, तिला आत घेऊ नका, उद्या कुणी म्हणायला नको की हिने हात धरून सही घेतली."

कुणी म्हणजे कोण, हे मला त्याला विचारावं लागलं नाही.

नक्कल न घेताच परत आले. आता तुला सांगते, कारण पहिल्यांदा कुणाला तरी सांगायलाच हवं आणि तू सगळ्यात लांब आहेस.

तज्ज्ञाला दिलेल्या त्या तीन चेकवरच्या सह्या माझ्या आहेत. दोन वर्षं नानांच्या चेकवर मीच सही करत होते. वीज, पाणी, औषधवाला. पहिल्या वेळी नानांनी चेकबुक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "चष्मा सापडत नाहीये, तूच कर गं." मी केली. पहिल्याच झटक्यात जमली. बापाची खोटी सही करून आणणाऱ्या किती पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलंय याचा हिशेब नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा चष्मा सापडला नाही. दोन वर्षं सापडला नाही. चष्मा त्यांच्या नाकावर होता, धाकट्या.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं, आणि त्यांनी सांगितलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. मी काय करते ते तू आईच्या वेळी पाहिलंस. तिची नजर अधू झाली तेव्हा मी गॅसची नळी काढून ठेवली, जिन्याला फाटक लावलं, सुई-दोरासुद्धा उचलला. सगळं काळजीपोटी. आई पुढचे आठ महिने खुर्चीत बसून होती आणि तशीच गेली. नानांनी ते रोज पाहिलं होतं.

तर मला "पक्कं माहीत" होतं ते यामुळे. ज्या माणसाला विजेच्या बिलावर सही करता येत नाही तो नोंदणी कार्यालयात कशी करेल? करता येत नाही हे मला माहीत होतं, आणि ते कसं माहीत हे सांगता येत नव्हतं. म्हणून खोट्या सह्या खऱ्या म्हणून दिल्या आणि खरीला खोटी ठरवली. ते चौदा कागद नानांचे होते. माझ्यापुढे त्यांनी पेन हातात धरलं नाही, आणि तिच्यासाठी महिनाभर सराव केला, हे मला अजून गिळता येत नाही. रागही येतो, खोटं कशाला सांगू.

लिहितेच आहे तर आणखी एक. आईच्या बांगड्या तू नेल्यास असं मी नऊ वर्षांपूर्वी चार माणसांत म्हटलं होतं, आणि तू त्या रात्री बॅग भरलीस. बांगड्या सापडल्या. आईनेच धान्याच्या डब्याच्या तळाशी ठेवल्या होत्या. सापडल्या त्याला आता सात वर्षं होतील. मी तुला कळवलं नाही. आधी वाटलं उद्या कळवू, मग वाटलं आता कळवून काय उपयोग, मग तो डबाच मी माळ्यावर टाकला.

ताई


२७ एप्रिल

धाकट्या,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. झालं ते कळवते.

वकिलांना चेकचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "मॅडम, हे मी ऐकलेलं नाही. तुम्ही बोललेला नाहीत. आपण फक्त हरकत मागे घेतो आहोत." तज्ज्ञाचा अहवाल त्यांनी माझ्यादेखत फाडला. या वेळी चहा मिळाला नाही.

मग मेणबाईकडे गेले. तिचा पत्ता माझ्याकडे नव्हता. पाच वर्षं बाई आपल्याकडे काम करत होती आणि ती राहते कुठे ते मला मास्तरांना विचारावं लागलं. धोब्याच्या दुकानावर तिसरा मजला, एकच खोली. दार उघडंच होतं. शेगडीवर मेण वितळत होतं. ओट्यावर, खिडकीत, पलंगाच्या कडेला, जिथे जागा मिळेल तिथे साचे. दुकान बंद झालं म्हणून लोकांची कामं थांबवली नव्हती तिने, नव्याने मापं घेऊन घरीच करत होती. एकच खुर्ची होती, तिच्यावर कुणाचा तरी वरचा जबडा सुकत ठेवलेला.

"बसायला जागा नाही," ती म्हणाली.

"बसायला आले नाही." मी किल्ली ओट्यावर ठेवली. "दुकान तुमचं आहे. हरकत मागे घेतली."

तिने किल्लीकडे पाहिलं आणि पुन्हा मेणाकडे. मेण उतू जातं का बघत होती.

"चेकवरच्या सह्या माझ्या होत्या," मी म्हटलं. वाक्य पाठ करून गेले होते.

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"नानांनी. पहिल्याच दिवशी खाली येऊन म्हणाले, पोरीने माझी सही माझ्यापेक्षा चांगली केली. कौतुकाने सांगत होते. मग गप्प बसले दिवसभर."

ती सुरीने मेण कापत राहिली.

"मग बोलला का नाहीत तुम्ही? वकिलाची नोटीस आली तेव्हा? पोलिसांत जाणार होते मी. एका वाक्यात सुटला असतात."

"मी सुटले असते. तुम्ही अडकला असतात, ताई."

"अडकले असते तर अडकले असते! तुमचं काय जात होतं?"

तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. "नानांनी मला दुकान दिलं. त्यांच्या लेकीला कोर्टात उभं करायला नाही दिलं. हातातली कामं पुरी होईपर्यंत हे इथं चालवायचं आणि काय होतं ते बघायचं, असं ठरवलं होतं मी."

आभार मानावेत तर तोंड उघडेना. माफी मागावी तर कुठून सुरुवात करायची? तेवढ्यात तीच म्हणाली, "पण एक सांगते. दवाखान्याच्या दारातून तुम्ही मला अकरा दिवस परत पाठवलंत. मी घरची नव्हते हे खरं. ते नियमात बसत असेल. पण ते काही मी विसरणार नाही."

"विसरू नका," मी म्हटलं.

मी जिना उतरायला लागले. मागून तिने हाक मारली, "सांभाळून, दुसरी पायरी मोडकी आहे." एवढंच.

दुकान गुरुवारी उघडलं. ती खाली असते, मी वर. जाता-येता दिसलो तर ती मान हलवते, मीही हलवते. काल तिने विचारलं, यंत्राच्या आवाजाचा त्रास होतो का. मी म्हटलं, नाही.

वरच्या घराच्या वाटणीचे कागद सोबत आहेत. आधी एखाद्या वकिलाला दाखव, आणि मगच सही कर. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. बांगड्या माझ्याकडे आहेत. त्या पोस्टाने पाठवायचा मला धीर होत नाही, आणि तू न्यायला यावंस असं म्हणायचा हक्क मी कधीच घालवून बसले. तरी म्हणते.

जित्याची खोड आहे, एक गोष्ट मनातून जात नाही. नानांनी माझ्यापासून हात लपवले, ते का, हे मला कळलं. मेणबाई गप्प राहिली, तेही कळलं. तुझं कळत नाही. तीन वर्षं तू त्यांना लिहीत होतास. त्यातल्या एका पत्राची एक ओळ मला पाठवावीशी वाटली नाही तुला. ते नानांनी बजावलं होतं म्हणून, की तुलाही माझी भीती वाटत होती?

असेल ते लिही. उलटतपासणी करणार नाही.

ताई